सांधा 'धरतो' म्हणजे कोण धरतो?

'मान धरली', 'कंबर धरली', 'सकाळी उठताना गुडघे धरतात' असे आपण मराठीत सहज बोलून जातो. या वाक्यांतला कर्ता मात्र आपण कधी सांगत नाही. गुडघा धरला खरा, पण तो कोणी धरला?

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे एकमेकांशी भांडत आली आहेत. घट्ट बसलेल्या दाराची कल्पना करा. बिजागरी गंजली असेल तर दार उघडत नाही. दाराआड कोणी पाठ लावून उभे असेल तरीही उघडत नाही. बाहेरून ढकलणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही, पण उपाय अगदी निराळे असतात. पहिल्या ठिकाणी सुताराला बोलवावे लागते, तर दुसऱ्या ठिकाणी आतल्या माणसाला दार का धरावेसे वाटते ते शोधावे लागते. संधिवाताने आखडलेल्या सांध्यात बिजागरी किती गंजलेली असते आणि स्नायूंनी दार किती धरलेले असते, हे कळायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. त्या शोधाची ही हकिगत आहे.

'संधिवात' हा एकच रोग नाही, हे आधी सांगायला हवे. वयाबरोबर गुडघ्यातील कूर्चा झिजते तो एक प्रकार. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात हा दुसरा. पूर्वीच्या काळी सांध्यांचा क्षयही फार आढळे. कारणे वेगळी असली तरी दुखणे, सूज आणि आखडणे ही त्रयी तिन्हींत दिसते.

ब्रॉडीचा संशय

१८३७ साली लंडनचे शल्यचिकित्सक सर बेंजामिन ब्रॉडी यांची काही व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सांधा दुखतो, हलवू दिला जात नाही, पण तपासून पाहावे तर त्यात रोग सापडत नाही, अशा रुग्णांविषयी त्यांनी त्यात लिहिले होते. वरच्या वर्गातील ज्या स्त्रिया सांधेदुखीची तक्रार घेऊन येतात, त्यांच्यापैकी निदान चार-पंचमांश स्त्रियांचे दुखणे सांध्यातले नसून 'हिस्टेरिया'चे असते, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या निरीक्षणात तथ्य होते. सांध्यात दिसण्याजोगी मोडतोड नसतानाही सांधा आखडू शकतो. पण या विचाराची दुसरी बाजू रुग्णांना फार महाग पडली. 'रोग दिसत नाही' याचा अर्थ 'मनाचे खेळ आहेत', आणि त्याचा अर्थ 'ढोंग आहे', असा उतार सहज तयार होतो. सांधा रुग्णाच्या इच्छेवाचूनही धरला जाऊ शकतो, हे दाखवणारा पुरावा त्या काळी हाती नव्हता.

बॉने यांचे पाणी, हिल्टन यांचा क्लोरोफॉर्म

दुखऱ्या सांध्याची एक गंमत जुन्या वैद्यांच्याही लक्षात आली होती. सुजलेला गुडघा बहुधा अर्धवट वाकलेला राहतो. तो सरळच का राहत नाही?

फ्रान्समधील लिआँ येथील आमेदे बॉने यांनी हा प्रश्न मृतदेहांवर प्रयोग करून तपासला. सांध्याभोवती एक पिशवी असते, तिला संधिकोश म्हणतात. बॉने यांनी या पिशवीत जोराने द्रव भरला, तेव्हा सांधा आपोआप अर्धवट वाकला. त्या स्थितीत पिशवीत सर्वांत जास्त द्रव मावतो. १८४५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे मांडले. मृतदेहात स्नायूंचे काम बंद पडलेले असते. म्हणजे निव्वळ दाबामुळेही सांधा वाकतो, हे सिद्ध झाले.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन हिल्टन यांनी जिवंत माणसाकडे पाहिले. शरीररचनेचा त्यांचा अभ्यास इतका सखोल होता की लोक त्यांना 'ॲनाटॉमिकल जॉन' म्हणत. एखाद्या सांध्याला जी चेता पोहोचते, तिच्याच शाखा तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्यावरील त्वचेलाही जातात, असे त्यांना दिसले. हा 'हिल्टनचा नियम' आजही वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सांधा आणि त्याचे स्नायू एकाच तारेवर जोडलेले असतील, तर सांध्याची कुरकुर स्नायूंपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.

पुरावाही त्यांच्या हाती होता. १८४७ पासून शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरला जाऊ लागला होता. जागेपणी तसूभरही सरळ न होणारा दुखरा सांधा क्लोरोफॉर्म दिल्यावर फारसा जोर न लावता सरळ होतो, याकडे हिल्टन यांनी लक्ष वेधले. क्लोरोफॉर्मने सांध्यातला द्रव कमी होत नाही आणि झिजलेली कूर्चाही भरून येत नाही. त्याने फक्त वेदना नाहीशी होते आणि स्नायू सैल पडतात. मग दार धरणारे कोण होते, हे उघडच झाले. हिल्टन यांची ही व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढच्या आवृत्तीपासून तो ग्रंथ 'रेस्ट अँड पेन' या नावाने प्रसिद्ध आहे.

बॉने आणि हिल्टन दोघेही बरोबर होते, हे आज आपण सांगू शकतो. सांध्यातला दाब आणि स्नायूंचा ताण, दोन्ही सांध्याला एकाच दिशेने नेतात.

शेरिंग्टन यांची दुरुस्ती

स्नायू सांधा धरतात खरे, पण कोणाच्या हुकमाने? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगांतून मिळाले. पायाला वेदनादायक चेतना दिली की संपूर्ण पाय वाकून वर ओढला जातो, आणि यासाठी मेंदूची गरज लागत नाही. मेरुरज्जू एकटाच हे काम करतो. १९१० मध्ये शेरिंग्टन यांनी या प्रतिक्षिप्त क्रियेवर सविस्तर निबंध लिहिला. पाय वाकवणारे स्नायू आवळले जातात त्याच क्षणी सरळ करणाऱ्या स्नायूंना 'थांबा' असा निरोप जातो, हेही त्यांनी दाखवले. शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

शाळेत आपण प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना तापलेल्या तव्याचे उदाहरण देतो. हात क्षणात मागे येतो आणि गोष्ट संपते. दुखऱ्या सांध्यात मात्र तवा आतच असतो. त्यापासून हात मागे घेता येत नाही, म्हणून निरोप जातच राहतात आणि स्नायू सावध राहतात. ब्रॉडी यांच्या काळी राहून गेलेला प्रश्न येथे सुटला. स्नायूंनी सांधा धरण्यासाठी रुग्णाच्या इच्छेची संमती लागत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखा एक साधा प्रयोग आहे. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा. डाव्या हाताने दंडाचा पुढचा आणि मागचा भाग चाचपा. आता मूठ घट्ट आवळून हात 'कोणालाही हलवू द्यायचा नाही' असा ताठ करा. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू एकदम कडक लागतील. दुसऱ्या विद्यार्थ्याला तो हात हलवायला सांगा. कोपराच्या सांध्यात काहीही बिघाड नाही, तरी त्याला तो 'जाम' वाटेल. दार धरणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की विद्यार्थी ते मुद्दाम करतो आणि रुग्णाचे शरीर त्याला न विचारता करते.

विश्रांतीचे शतक

हिल्टन यांच्या निरीक्षणातून निघालेला उपाय होता विश्रांती. दुखणे म्हणजे 'हलवू नका' अशी निसर्गाची सूचना, असे ते मानत. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी १८७५ च्या आपल्या पुस्तकात हा विचार टोकाला नेला. सांधा सक्तीने, अखंड आणि दीर्घकाळ स्थिर ठेवायचा, असे त्यांचे तंत्र होते. त्यासाठी त्यांनी बनवलेला लोखंडी आधार 'टॉमस स्प्लिंट' म्हणून आजही ओळखला जातो. त्यांच्यापुढे क्षयाने पोखरलेले सांधे होते आणि क्षयावर औषध नव्हते, हे लक्षात घेतले तर त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे.

पण जे क्षयाच्या सांध्याला लागू होते, ते सर्वच दुखऱ्या सांध्यांना लावले गेले. महिनोन्महिने बांधून ठेवलेले सांधे मोकळे केल्यावर खरोखरच आखडलेले निघत. याचे एक कारण १९७२ मध्ये फ्रान्समधील टाबारी आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. मांजराच्या पोटरीतला एक स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा त्याच्या तंतूंतील आकुंचनाचे एकक, म्हणजे सार्कोमिअर, सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. शिवायचे कापड जास्त झाले की शिंपी ते कापून टाकतो, तसा स्नायू नको असलेली लांबी काढून टाकतो. दिलासा देणारी गोष्ट ही की प्लास्टर काढल्यावर काही आठवड्यांत ही संख्या पूर्ववत झाली.

म्हणजे दाराआड उभा असलेला माणूस फार दिवस तसाच उभा राहिला, तर बिजागरीही हळूहळू गंजू लागते. आधी वेदनेने स्नायू आवळतो, मग तो आखूड होतो, संधिकोशही आक्रसतो, आणि शेवटी भूल दिली तरी सांधा पूर्ण सरळ होत नाही. पहिली अवस्था फिरवता येते, शेवटची फार कष्टाने. दोन्हींतला फरक वेळेवर ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मोजपट्टी लावल्यावर

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. जी स्त्री धड हालचाल करू शकत नव्हती, ती काही दिवसांतच चालू लागली. या कामासाठी हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. कॉर्टिसोनचे दुष्परिणाम पुढे ध्यानात आले आणि तो सुरुवातीचा उत्साह ओसरला. पण आपल्या प्रश्नासाठी ही घटना बोलकी आहे. दीर्घकाळाचे आखडणे चार दिवसांत सुटते, तर ते गंज असू शकत नाही. दाह कमी झाला, त्यामुळे सूज आणि वेदना उतरली आणि दार सुटले.

त्यानंतर बाल्टिमोर येथे रिचर्ड जॉन्स आणि व्हर्ना राइट यांनी ताठरपणा यंत्राने मोजायला घेतला. बोटाचा सांधा ठराविक गतीने पुढेमागे हलवायचा आणि त्याला किती जोर लागतो ते नोंदवायचे. सांध्यातील पृष्ठभागांच्या घर्षणाचा वाटा त्यांना अगदी किरकोळ आढळला. जोर लागतो तो मुख्यतः सांध्याभोवतालचे मऊ भाग ताणण्यासाठी. १९६२ मध्ये त्यांनी मांजराच्या मनगटावर एकेक थर सोडवत हिशेब मांडला. संधिकोशाचा वाटा ४७ टक्के, स्नायूंचा ४१, कंडरांचा १० आणि त्वचेचा २ टक्के निघाला. ही टक्केवारी निरोगी सांध्याची आहे आणि स्नायू स्वस्थ पडलेले असतानाची आहे. तेव्हाही त्यांचा वाटा इतका मोठा असेल, तर आवळल्यावर तो किती वाढत असेल!

आता सरळ करणाऱ्या स्नायूंकडे पाहू. गुडघेदुखीच्या रुग्णाच्या मांडीचा पुढचा स्नायू लवकर रोडावतो. १९६५ मध्ये डी आंद्रादे, ग्रँट आणि डिक्सन यांनी गुडघ्यात द्रव भरून दाखवले की त्यामुळे हा स्नायू प्रतिक्षिप्तपणे मंदावतो. १९८४ मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुडघ्यांत थोडे थोडे सलाइन भरले. मांडीच्या आतल्या बाजूचा भाग केवळ २० ते ३० मिलिलिटर द्रवाने मंदावला, तर बाकीच्या भागांना ५० ते ६० मिलिलिटर लागले. वीस मिलिलिटर म्हणजे जेमतेम चार चहाचे चमचे. इतकी सूज डोळ्यांना सहज दिसतही नाही, पण मेरुरज्जूला ती कळते. एका बाजूचे स्नायू सांधा धरून ठेवतात आणि दुसऱ्या बाजूचे नांगी टाकतात. शेरिंग्टन यांचे जुने चित्र येथे पुन्हा दिसते.

झोपलेल्या तारा

दाह झाल्यावर साधी हालचालसुद्धा का दुखते, याचा उलगडा जर्मनीतील शायब्ले आणि श्मिट यांनी १९८५ मध्ये केला. सांध्याच्या बारीक चेतातंतूंपैकी अनेक तंतू एरवी झोपलेले असतात. सांधा नेहमीसारखा हलवला तर ते काहीच निरोप पाठवत नाहीत. मांजराच्या गुडघ्यात दाह निर्माण केल्यावर मात्र हेच तंतू हलक्या हालचालीलाही निरोपांचा भडिमार करू लागले. याच प्रयोगशाळेच्या पुढील कामात पाय वाकवणाऱ्या स्नायूंच्या चेतापेशीही हालचालीला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागल्याचे दिसले.

यावरून 'वेदना, मग स्नायूचा पेटका, त्यातून आणखी वेदना' असे दुष्टचक्र पुस्तकांतून मांडले जाई. ते सोपे आहे, पण पुरते खरे नाही. १९९१ मध्ये लुंड आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या जुनाट दुखण्यांचे पुरावे एकत्र तपासले. दुखरा स्नायू कायम आवळलेला असतो, असे त्यांना दिसले नाही. वेदना असताना हालचाल घडवणारा स्नायू कमी जोर लावतो आणि विरुद्ध बाजूचा थोडा अधिक. त्यामुळे हालचाल लहान आणि संथ होते. म्हणजे दाराआडचा पहारेकरी चोवीस तास दार ढकलत नसतो. कोणी कडीला हात लावला की तो पुढे सरसावतो.

आणखी एक गुंता १९८८ मध्ये पुढे आला. व्हर्ना राइट तेव्हा इंग्लंडमधील लीड्स येथे होते. त्यांनी हेलिवेल आणि हाउ यांच्यासह आमवाताच्या रुग्णांच्या बोटांचा ताठरपणा मोजला. 'बोटे आखडली आहेत' असे सांगणाऱ्या या रुग्णांचे सांधे निरोगी माणसांपेक्षा जास्त ताठर असल्याचा पुरावा यंत्राला मिळाला नाही. मग रुग्ण खोटे बोलत होते का? मुळीच नाही. रुग्ण 'ताठरपणा' म्हणतो त्यात दुखणे, हालचालीला पडणारे कष्ट आणि सावधपणा हे सारे मिसळलेले असते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्टँटन आणि सहकाऱ्यांना पाठदुखीच्या बाबतीत असेच आढळले. पाठ ताठ वाटणे आणि पाठ यंत्राने ताठ भरणे यांचा मेळ बसला नाही. ताठरपणाची जाणीव ही शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली एक सूचना असावी, असे त्यांनी सुचवले.

क्लोरोफॉर्मचा प्रयोग पुन्हा

हिल्टन यांची युक्ती आजही जुनी झालेली नाही. २०१८ मध्ये आखडलेल्या खांद्याच्या, म्हणजे 'फ्रोझन शोल्डर'च्या, पाच रुग्णांचा खांदा शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याआधी आणि नंतर मोजण्यात आला. हा विकार संधिकोश आक्रसल्याने होतो असे मानले जाते. तरी भूल दिल्यावर पाचही जणांचा हात आधीपेक्षा अधिक वर गेला. पाच ही संख्या फार लहान आहे, पण ज्याला आपण गंज समजत होतो त्यातही पहारेकऱ्याचा वाटा असतो, एवढे त्यातून दिसते.

या पहाऱ्याची किंमतही असते. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळले की सांध्याच्या पृष्ठभागांवर दाब वाढतो. झिजेच्या संधिवातात ज्यांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचे स्नायू चालताना जास्त वेळ एकत्र आवळलेले राहतात, त्यांची कूर्चा वर्षभरात अधिक झिजल्याचे २०१६ च्या एका अभ्यासात आढळले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण रक्षणासाठी उभा केलेला पहारा घरालाच भार होऊ शकतो, ही शक्यता दुर्लक्षिता येणार नाही.

उपचारांची दिशा यातूनच बदलली. आधी दाह आणि वेदना आटोक्यात आणायची आणि मग सांधा हळूहळू, रोज, झेपेल तितका हलवायचा, असे आज सांगितले जाते. दाह ऐन भरात असताना थोडी विश्रांती हवीच, पण दीर्घकाळ बांधून ठेवणे आता मान्य नाही. कोणता सांधा किती हलवायचा, हे अर्थात तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

शिक्षकांनी हा इतिहास लक्षात ठेवावा, याला एक खास कारण आहे. संधिवात म्हाताऱ्यांचाच रोग, ही समजूत चुकीची आहे. सोळा वर्षांखालील मुलांनाही तो होतो. अशा मुलाचे सांधे सकाळी सर्वांत जास्त आखडलेले असतात आणि हालचाल होता होता मोकळे होतात. ते प्रार्थनेला उशिरा येते, पहिल्या तासाला त्याची लेखणी चालत नाही, कवायतीला ते लंगडते, आणि दुपारच्या सुट्टीत मैदानावर धावताना दिसते. 'सकाळी पाय दुखत होता ना?' हा प्रश्न आपल्या ओठांवर येणे स्वाभाविक आहे. ब्रॉडी यांच्या ओठांवरही काहीसा असाच प्रश्न होता. तो विचारण्याआधी एवढे आठवावे की त्या मुलाचा सकाळचा गुडघा आणि दुपारचा गुडघा, दोन्ही खरे असतात. सकाळी दार त्याने धरलेले नसते. ते त्याच्या सुजलेल्या सांध्याने आणि मेरुरज्जूने, त्याला न विचारता, धरलेले असते. अशा मुलाला शिक्षेची किंवा दिवसभर बाकावर बसवून ठेवण्याची गरज नसते. त्याला हवी असते डॉक्टरांकडे पाठवणारी चिठ्ठी, आणि तासाच्या मध्येच उठून चार पावले चालण्याची परवानगी.